रीस्टार्टपूर्वी क्रॅशची नोंद घ्या

संपादक महोदय,

सरकारी किंवा सहकारी कार्यालयातला सर्व्हर भर दुपारी बसला की खिडकीवर ‘सर्व्हर डाउन’ची पाटी लागते, कुणीतरी यंत्र बंद करून पुन्हा चालू करतो आणि रांग पुढे सरकली की कारणाचा शोध तिथेच संपतो. सर्व्हरच्या देखभालीत काम करणाऱ्या मला हा प्रकार चिंताजनक वाटतो, कारण त्या घाईच्या रीस्टार्टबरोबर बिघाडाचा पुरावाही पुसला जातो.

लिनक्सचा कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, कोसळतो तेव्हा लॉगच्या, म्हणजे यंत्राने स्वतः ठेवलेल्या नोंदींच्या, शेवटच्या ओळी बहुधा डिस्कवर उतरतच नाहीत; लॉग लिहिण्याची व्यवस्था ज्याच्या आधारावर चालते, तोच कोसळलेला असतो. स्क्रीनवर दिसणाऱ्या मजकुराचा महत्त्वाचा भाग अनेकदा वर सरकून गेलेला असल्याने मोबाइलवरच्या फोटोतूनही फारसे हाती लागत नाही. यावरचा उपाय, केडम्प, २००५ सालच्या २.६.१३ या आवृत्तीपासून कर्नलमध्येच आहे. यंत्र सुरू होतानाच थोडी मेमरी दुसऱ्या, छोट्या कर्नलसाठी राखून ठेवली जाते. मुख्य कर्नल कोसळला की हा छोटा कर्नल ताबा घेतो, आधीच्या मेमरीची प्रत डिस्कवर किंवा नेटवर्कवरून दुसऱ्या यंत्रावर उतरवतो आणि मगच यंत्र रीस्टार्ट होते. राखीव मेमरी अपुरी पडली तर मात्र केडम्प ऐन वेळी दगा देतो. म्हणून सर्व्हर सेवेत आणण्यापूर्वी सिसआरक्यूच्या, म्हणजे कर्नलला थेट आज्ञा देण्याच्या सोयीच्या, ‘सी’ आज्ञेने मुद्दाम क्रॅश घडवून प्रत खरोखर तयार होते का, हे पाहावे. बंद सर्व्हरवर गर्दी ओरडत असताना ही परीक्षा घेता येत नाही! केडम्पला जागा नसलेल्या छोट्या यंत्रांवर पीस्टोअर ही कर्नलमधलीच सोय रीस्टार्टनंतरही टिकणाऱ्या जागेत लॉगच्या निदान शेवटच्या काही ओळी तरी राखते.

सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार संगणक यंत्रणांचे लॉग १८० दिवस जपणे बंधनकारक आहे. पण जो लॉग मुळात लिहिलाच गेला नाही, तो जपणार कसा? तेव्हा सार्वजनिक कार्यालयांनी देखभालीच्या करारातच केडम्प चालू ठेवण्याची, त्याची चाचणी घेण्याची आणि प्रत्येक क्रॅशचे कारण लेखी देण्याची अट घालावी. मेमरीच्या प्रतीत पासवर्ड आणि नागरिकांची माहितीही सापडू शकते. त्यामुळे ती घेतानाच मेकडम्पफाइल या साधनाने मेमरीची अनावश्यक पाने (तुकडे) गाळावीत, उरलेली फाइल मोजक्याच अधिकाऱ्यांना उघडता यावी आणि ती बाहेरच्या कंपनीकडे तपासायला दिल्यास तशी नोंद दप्तरी ठेवावी.

— एक सिस्टिम ॲडमिनिस्ट्रेटर, पुणे