सोड्याचा ग्लास आणि दहावीचा धडा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शीतपेयांच्या जाहिरातींतील ग्लास आता पुष्कळदा कॅमेऱ्याने टिपलेले नसतात, ते संगणकावर घडवले जातात. नागपुरात थ्रीडीचे वर्ग घेताना माझ्या असे लक्षात आले आहे, की विद्यार्थ्यांच्या कामात काच आणि फसफसते पेय हाच सर्वांत कच्चा भाग असतो आणि त्याचे खापर हमखास ग्राफिक्स कार्डावर फोडले जाते. माझ्या मते हा दोष दहावीच्या विज्ञानातील ‘प्रकाशाचे अपवर्तन’ (एका माध्यमातून दुसऱ्यात जाताना प्रकाशकिरणाचे वळणे) हा धडा परीक्षा संपताच विसरण्याचा आहे.

काच म्हणजे पारदर्शकता वाढवलेली वस्तू, असा सार्वत्रिक समज दिसतो. प्रत्यक्षात काचेचा अपवर्तनांक, म्हणजे माध्यम प्रकाशाला किती वळवते हे सांगणारा आकडा, सुमारे १.५ आणि पाण्यासारख्या पेयाचा १.३३ असतो, त्यामुळे भरलेल्या ग्लासात हवा व काच, काच व पेय, पेय व हवा अशा तीन वेगवेगळ्या सीमा असतात आणि प्रत्येक सीमेवर किरण निराळ्या प्रमाणात वळतो. पेयाचा आकार काचेच्या आतल्या भिंतीपासून किंचित सुटा ठेवला, की मध्ये हवेचा पातळ थर राहतो, त्या थरावर कडेच्या किरणांचे पूर्ण आंतरिक परावर्तन होते, म्हणजे ते पलीकडे न जाता सगळेच परततात, आणि पेयाभोवती नको असलेली रुपेरी कड उमटते. खऱ्या, पातळ भिंतीच्या ग्लासात मात्र पेय थेट बाहेरच्या कडेपर्यंत भरलेले दिसते. त्यासाठी दोन्ही पृष्ठभाग एकमेकांत थोडे शिरू द्यावेत आणि तेथे कोणते माध्यम धरायचे हे सॉफ्टवेअरला सांगावे, किंवा काच व पेय यांच्यामधील सीमा एकच ठेवून तिला दोन अपवर्तनांकांचे गुणोत्तर द्यावे.

बुडबुड्यांची गत याहून वाईट असते. बुडबुडा म्हणजे पेयातील वायूची पोकळी, म्हणून त्याचा सापेक्ष (पेयाच्या तुलनेतला) अपवर्तनांक १ भागिले १.३३, म्हणजे सुमारे ०.७५ धरायला हवा. तेथे १.३३ हाच आकडा ठेवल्यास पेयात साबुदाणा सोडल्यासारखे चित्र तयार होते. पाण्यातून हवेकडे जाताना क्रांतिक कोन (ज्यापेक्षा तिरका किरण पूर्ण परततो तो कोन) सुमारे ४९ अंशांचा असल्याने बुडबुड्याच्या त्रिज्येच्या बाहेरच्या चतुर्थांशावर पडणारा प्रकाश आत न शिरता परततो आणि तेथे ती ओळखीची चकाकती कड दिसते. शिवाय बुडबुडे पेयात कुठेही विखुरलेले नसतात. काचेवरचा ओरखडा किंवा चिकटलेला धागा अशा ठिकाणाहून त्यांची माळ सुटते, वर चढताना विरघळलेला कार्बन डायऑक्साइड घेऊन प्रत्येक बुडबुडा फुगतो, त्याचा वेग वाढतो आणि माळेतील अंतर वरच्या बाजूला वाढत जाते. हे पाहायला संगणक लागत नाही, कोपऱ्यावरच्या गाडीवरचा साधा सोडा पुरतो.

किरण भरलेला ग्लास आरपार ओलांडतो तेव्हा चार सीमा पार करतो आणि वाटेतला प्रत्येक बुडबुडा आणखी दोन सीमा वाढवतो. तीन बुडबुडे आडवे आले, की आकडा दहावर जातो. सॉफ्टवेअरमध्ये किरणाने किती सीमा ओलांडाव्यात याची मर्यादा आठ ठेवलेली असेल, तर तेथे काळा डाग पडणारच, मग रेंडर (संगणकाने अंतिम चित्र घडवणे) रात्रभर चालू द्या! रंगाचेही असेच आहे. संत्र्याच्या स्वच्छ सरबताच्या एका सेंटिमीटरातून एखाद्या रंगाचा निम्मा प्रकाश पार झाला, तर दोन सेंटिमीटरांतून पावच होतो. म्हणून तो रंग पृष्ठभागावर फासता येत नाही, द्रवाच्या आत भरावा लागतो. गर असलेल्या रसात प्रकाश विखुरतोही, त्याचा हिशेब वेगळा.

संगणकीय चित्रणाचे संशोधक टर्नर व्हिटेड यांनी परावर्तन व अपवर्तन यांचा किरणागणिक माग काढण्याची पद्धत १९८० सालीच मांडली आणि आज ‘ब्लेंडर’सारखे सॉफ्टवेअर फुकट मिळते. अशा स्थितीत शहरातील ॲनिमेशन संस्थांनी पहिल्याच महिन्यात काचेचा ग्लास, सोडा आणि मोबाइलचा टॉर्च घेऊन दोन प्रात्यक्षिके ठेवावीत आणि विज्ञान महाविद्यालयांच्या भौतिकशास्त्र विभागांनी त्यासाठी आपली प्रयोगशाळा अधूनमधून खुली करावी, अशी आपल्या पत्राद्वारे विनंती आहे.

आपला नम्र,
एक थ्रीडी शिक्षक, धरमपेठ, नागपूर