आपला संगीतसंग्रह परत नेण्याचा हक्क हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

स्वतः जमवलेली गाणी इंटरनेटवर साठवून ती घरी, लोकलमध्ये किंवा परगावी कुठेही ऐकण्याची सोय आता मुंबईतल्या पुष्कळ रसिकांच्या अंगवळणी पडली आहे. या सोयीचे मी मनापासून स्वागत करतो. मात्र आपणच चढवलेला संग्रह जसाच्या तसा परत मिळेल, अशी हमी आपल्याकडे कायद्याने दिलेली नाही. ती मिळायला हवी, एवढ्यासाठी हे पत्र.

ॲपवर मागाल ते गाणे मिळत असताना स्वतःचा संग्रह कशाला, असे तरुण मंडळी विचारतात. गिरगाव, दादर, पार्ल्यातल्या अनेक घरांत आजही कॅसेटींचे खोके आहेत. त्यांत गणेशोत्सवातल्या मैफली आहेत, आकाशवाणीवरून टिपून घेतलेली नाट्यपदे आहेत, गुरूंनी दिलेली तालीम आहे आणि घरातल्या वडीलधाऱ्या बाईने म्हटलेल्या ओव्याही आहेत. यांतले बहुतेक काही कोणत्याही ॲपवर नाही आणि पुढेही येण्याची शक्यता नाही. शिवाय मुंबईची दमट हवा फितींना बुरशी लावते, आणि २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा तळमजल्यावरच्या घरांतल्या वस्तूंचे काय झाले, हे वेगळे सांगायला नको. काळा घोड्याचे ‘रिदम हाउस’ हे कॅसेटी-सीडींचे दुकानही २०१६ मध्ये बंद झाले, गेलेले पुन्हा विकत आणू म्हटले तर तेही आता सोपे राहिलेले नाही. त्यामुळे घराबाहेर, दूरच्या सर्व्हरवर एक प्रत असणे ही चैन नसून गरज आहे.

ही गरज फार खर्चिकही नाही. साधारण दर्जाच्या एमपी३ फाइलला मिनिटाला एक एमबीच्या आसपास जागा लागते, म्हणजे तासाभराची कॅसेट साठ एमबीत मावते. गुगलच्या मोफत १५ जीबीत अशा सुमारे अडीचशे कॅसेटी बसतील, अर्थात ईमेल आणि छायाचित्रे त्याच जागेत वाटेकरी नसतील तर. आवाजाची कसलीही काटछाट न करणाऱ्या फ्लॅक प्रकारात मात्र याच्या पाचपट जागा लागू शकते, आणि जुन्या मैफलींसाठी मी तरी तोच प्रकार सुचवीन. कायद्याची अडचण असेल असे काहींना वाटते. वास्तविक कॉपीराइट कायदा, १९५७ मधील कलम ५२ खाजगी वापरासाठीच्या रास्त उपयोगाला आणि त्यासाठी केलेल्या इलेक्ट्रॉनिक साठवणुकीला मुभा देते. तीच फाइल समूहावर वाटणे ही वेगळी गोष्ट आहे.

अडचण आहे ती साठवणाऱ्या सेवांच्या भरवशाची. ‘गुगल प्ले म्युझिक’वर ५० हजार गाणी मोफत चढवता येत होती, ती सेवा २०२० च्या अखेरीस बंद झाली. संग्रह ‘यूट्यूब म्युझिक’कडे नेण्यासाठी मुदत दिली गेली, हे त्या कंपनीच्या बाजूने नमूद केलेच पाहिजे. ॲमेझॉननेही गाणी चढवून ठेवण्याची सोय काढून घेतली. ‘मायस्पेस’ या समाजमाध्यमाच्या सर्व्हर-बदलात तर २००३ ते २०१५ या बारा वर्षांत लोकांनी चढवलेले संगीत नष्ट झाले, आणि ते परत आणता येणार नाही, असे २०१९ मध्ये कंपनीने कळवले.

परत मिळालेला संग्रहही पूर्ण असतोच असे नाही. बंद होणाऱ्या एका सेवेकडून मी माझी ध्वनिमुद्रणे उतरवून घेतली तेव्हा फाइली आल्या, पण देवनागरीत लिहिलेल्या नावांच्या जागी प्रश्नचिन्हांच्या रांगा उमटल्या होत्या आणि सगळा क्रम विस्कटला होता. यमनचा विलंबित ख्याल यादीच्या एका टोकाला आणि त्यालाच जोडून गायलेला द्रुत दुसऱ्या टोकाला. कॅसेटच्या वेष्टनावर राग, ताल, गाव, तारीख, तबल्याला कोण आणि संवादिनीला कोण, हे सारे हाताने लिहिलेले होते म्हणून ते पुन्हा जुळवता आले. चित्रपटगीतांचा अल्बम समोर ठेवून बनवलेल्या या सेवांत साथीदारांच्या नावाला रकानाच नसतो, आणि नोंद हरवली की अनेक मैफलींत कोण वाजवत होते हे सांगणारे दुसरे कोणीही उरलेले नसते. काही सेवा तर आपली फाइल ओळखून तिच्या जागी स्वतःकडची प्रत ऐकवतात. बाजारातल्या गाण्यांना हे ठीक आहे, पण बँकेने लॉकरमधल्या आजीच्या पाटल्यांऐवजी तेवढ्याच वजनाच्या नव्या पाटल्या हातावर ठेवल्या, तर कोणता ग्राहक ते मान्य करील?

२०१९ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण विधेयकात आपला डेटा एका सेवेकडून दुसरीकडे नेण्याचा हक्क होता; २०२३ मध्ये संमत झालेल्या कायद्यात तो राहिला नाही. तो परत आणावा आणि ग्राहकाने स्वतः चढवलेल्या संग्रहालाही तो लागू करावा, अशी माझी मागणी आहे. सेवा बंद करण्यापूर्वी किमान एक वर्षाची सूचना, चढवलेली मूळ फाइलच परत आणि तिच्यासोबतच्या देवनागरी नोंदी अक्षरशः जशाच्या तशा, एवढे बंधन कंपन्यांना जड जाऊ नये. खातेदाराच्या मृत्यूनंतर आपल्या वतीने हक्क बजावण्यासाठी व्यक्ती नेमण्याची तरतूद २०२३ च्या कायद्यात आहेच. संगीतसंग्रह वारसांच्या हाती जाईल इतकी ती स्पष्ट व्हावी. मुंबईच्या खासदारांनी हा विषय संसदेत मांडावा आणि केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानेही त्यात लक्ष घालावे.

तोवर रसिकांनी मूळ फाइली घरच्या हार्ड डिस्कवर ठेवाव्यात, नोंदींची एक वेगळी यादी साध्या मजकुराच्या फाइलमध्ये करावी आणि कॅसेटची वेष्टने, फीत खराब झाली तरी, रद्दीत घालू नयेत.

आपला,
एक संगीतप्रेमी वाचक,
विलेपार्ले (पूर्व), मुंबई