नोंदणी म्हणजे मालकीची हमी नव्हे, एवढं तरी दारावर लिहा

प्रति,
मा. महसूलमंत्री, महाराष्ट्र राज्य
मंत्रालय, मुंबई

महोदय, स. न. वि. वि.

मी पुण्यातल्या एका शाळेत गणित शिकवते. गेल्या वर्षी आम्ही नवरा-बायकोने सिंहगड रोडला ५८ लाखांचा जुना फ्लॅट घेतला. ७ टक्क्यांनी ४ लाख ६ हजार मुद्रांक शुल्क भरलं, वर नोंदणी फी ३० हजार. (फ्लॅट दोघांच्या नावावर, त्यामुळे महिलांची १ टक्का सवलत गेली. एकट्या माझ्या नावावर घ्यायला नवरा तयार होता, सासरे नव्हते. असो.) एवढे पैसे घेतल्यावर विकणारा खरा मालक आहे की नाही, हे सरकार बघत असेलच, असं मी धरून चालले होते. आपल्या नोंदणी कार्यालयाबाहेर टोकन घेऊन बसलेल्या कुणालाही विचारा, तोही हेच धरून बसलेला असतो.

तसं नाही, हे आम्हाला वेळेत कळलं ते एका वकिलामुळे. दस्त नोंदवून घेणारे अधिकारी, म्हणजे दुय्यम निबंधक, सही करणारा माणूस तोच आहे ना, हे बघतात. फोटो, अंगठा, साक्षीदार, मुद्रांक पुरेसा आहे का, एवढंच. १९०८ चा नोंदणी कायदा मालकीचा निवाडा करायला त्यांना बसवतच नाही, त्यामुळे कर्मचाऱ्यांवर माझा राग नाही. पण ही गोष्ट ना त्या कार्यालयात कुठे लिहिलेली आहे, ना पैसे भरून घेणाऱ्या आपल्या वेबसाइटवर ठळक दिसते.

आमची गोष्ट अगदी साधी आहे. फ्लॅट मूळ मालकाने १९९४ मध्ये बिल्डरकडून घेतलेला. ते वारले, मुलगा नॉमिनी होता, सोसायटीने शेअर सर्टिफिकेट त्याच्या नावावर केलं. विकणारा तोच. एजंट म्हणाला, "मॅडम, कागद क्लिअर आहेत. बँकेच्या वकिलाने बघितलेत, लोन पास झालंय. वेगळा वकील कशाला? पाहिजेच असेल तर आमचे आहेत." बँकेच्या त्या वकिलाची फी आमच्याकडूनच घेतली होती. म्हणून अहवालाची प्रत मागितली, तर "ते इंटर्नल असतं" असं उत्तर मिळालं.

माझ्या एका सहकारी बाईंनी हट्टाने मला शिवाजीनगर कोर्टाजवळ एका वयस्कर वकिलांकडे पाठवलं. त्यांनी फाइल उघडायच्या आधी विक्रेत्याला विचारलं, "तुम्ही भावंडं किती?"

"एक बहीण आहे, नाशिकला. पण तिला काही नकोय."

"मग ते तिने रजिस्ट्रारसमोर सांगू दे."

नॉमिनी हा मालक नसतो, वारसांच्या वतीने सांभाळणारा असतो. मृत्युपत्र नसेल तर हिंदू वारसा कायद्याने वडिलांच्या मिळकतीत मुलीचा हिस्सा मुलाइतकाच, आणि हा कायदा १९५६ चा आहे. हे मला ठाऊक नव्हतं, एजंटला सोयीस्करपणे ठाऊक नव्हतं. बँकेच्या अहवालात काय लिहिलं होतं ते आजही मला माहीत नाही. बँकेला त्याचं फार वाटायचंही कारण नाही, कारण तिचे हप्ते आमच्या पगारातून जाणार. वाद झाला असता तर कोर्टात आम्ही उभे राहिलो असतो, बँक नाही.

माझी भाची इंग्लंडमध्ये राहते, तिने तिकडे घर घेतलं. तिथे घेणाऱ्याचं आणि बँकेचं काम बहुतेक वेळा एकच सॉलिसिटर बघतो आणि मालकीचा अहवाल घेणाऱ्याच्या हातात देतो. नोंदवहीत चूक निघून नुकसान झालं तर भरपाईची जबाबदारी सरकारी भूमी नोंदणी खात्यावर असते. आपण उद्या तसं करा असं मी म्हणत नाही. आपल्याकडे सात-बारा एकीकडे, शहरी जमिनीचं मालमत्ता पत्रक दुसरीकडे, नोंदवलेल्या दस्तांचा गोषवारा म्हणजे इंडेक्स टू तिसरीकडे. सर्च घेणारे, म्हणजे जुन्या नोंदी तपासणारे, तीस वर्षं मागे जातात आणि अहवालाच्या तळाशी 'काही पाने फाटलेली असल्याने पाहता आली नाहीत' असं लिहून मोकळे होतात. त्या फाटक्या पानांवर काय असेल, या विचाराने मी एक रात्र जागून काढली आहे. कोर्टात दावा चालू आहे का हे बघावं, तर ई-कोर्ट्सवर पक्षकाराच्या नावाने शोधता येतं, गट नंबर टाकून नाही. नाव ठाऊक नसेल तर शोधायचं कुणाला?

डोंबिवलीची प्रकरणं आपण जाणताच. महापालिकेच्या बनावट परवानग्या जोडून ६५ इमारतींनी रेराचे, म्हणजे बांधकाम प्रकल्प नोंदवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाचे, नंबर मिळवले आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने त्या पाडायला सांगितल्या. तिथल्या रहिवाशांकडेही रेराचा नंबर होता, बँकांची कर्जं होती, नोंदवलेले करारनामे होते. म्हणजे सामान्य माणूस ज्याला पुरावा समजतो, ते सगळं होतं.

आता मागणी. पहिली बिनखर्चाची आहे. प्रत्येक दुय्यम निबंधक कार्यालयात आणि शुल्क भरायच्या पानावर मोठ्या अक्षरात लिहा: 'दस्त नोंदवला म्हणजे विकणाऱ्याची मालकी सरकारने तपासली असे नाही. आपला वकील स्वतः नेमा.'

दुसरी थोडी कष्टाची. घर घेताना वकील वर्तमानपत्रात जाहीर नोटीस देतात. 'तमाम जनतेस कळविण्यात येते की', मग मुंगीच्या अक्षरात गट नंबर, चौदा दिवसांत हरकत घ्या. आमचीही पुणे आवृत्तीत आली होती. नाशिकच्या ताईंना ती दिसणार कशी? चौदा दिवस गेले, एकही हरकत नाही. ताईंचा पत्ता लागला तो वकिलांच्या त्या एका प्रश्नामुळे. या नोटिसा आपल्या खात्याच्या वेबसाइटवर गट किंवा सिटी सर्व्हे नंबरला जोडून ठेवा. कुठल्याही गावचा वारस आपला नंबर टाकून बघेल. घेणाऱ्यालाही कळेल की याच फ्लॅटची नोटीस दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या कुणीतरी दिली होती आणि मग व्यवहार का मोडला.

तिसरी गोष्ट आपल्या हातात पूर्ण नाही, बँका रिझर्व्ह बँकेच्या अखत्यारीत येतात. तरी राज्याने लिहावं: ज्या अहवालाची फी ग्राहक भरतो, त्याची प्रत ग्राहकाला मिळावी.

आमच्या सोसायटीची जमीन अजून बिल्डरच्याच नावावर आहे. मोफा, म्हणजे फ्लॅट विकणाऱ्या बिल्डरांसाठीच्या कायद्याखाली सोसायटी नोंदल्यापासून चार महिन्यांत कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर, व्हायला हवं होतं, त्याला पंचवीसहून जास्त वर्षं झाली. बिल्डर करून देत नसेल तर सरकारकडून जमीन नावावर करून घ्यायचा, म्हणजे मानीव अभिहस्तांतरणाचा, अर्ज आता आम्ही करू. पण ते सहकार खात्याचं काम, त्यांना वेगळं पत्र लिहीन.

खरेदीखताच्या दिवशी नाशिकच्या ताई भावाबरोबर विकणाऱ्या, म्हणजे 'लिहून देणार', म्हणून सही करायला पहाटेच्या एसटीने आल्या. संगणकावर बसलेल्या मुलाने शेअर सर्टिफिकेट उलटसुलट करून विचारलं, "यावर एकच नाव आहे. मग लिहून देणार दोन कसे?" वकिलांनी त्याला काही सांगितलं नाही. ताईंकडे बोट दाखवून म्हणाले, "आधी त्यांचा अंगठा घ्या, त्यांना परतीची गाडी गाठायची आहे."

आपली नम्र,
दस्तातली लिहून घेणार क्रमांक २
पुणे