बिन कार्ड आणि संध्याकाळचा वर्ग

ती. बाबा आणि सौ. आई,
साष्टांग नमस्कार.

आईचा परवाचा फोन नेमका वर्ग सुरू व्हायच्या दोन मिनिटं आधी आला आणि मी घाईघाईत "नंतर करते" म्हणून ठेवून दिला. तो 'नंतर' काही आला नाही. म्हणून म्हटलं, फोनवर तुटक तुटक बोलण्यापेक्षा आज बसून नीट पत्र लिहावं. मी मजेत आहे. तब्येत ठणठणीत, झोप पुरेशी, नोकरी तीच आणि खोलीही तीच.

आधी आईच्या प्रश्नाचं उत्तर. "हातात नोकरी असताना या वयात पुन्हा कॉलेज कशाला?" आई, नोकरी मी सोडलेली नाही आणि सोडणारही नाही. वर्ग संध्याकाळी साडेसहा ते साडेनऊ, आठवड्यातून तीनच दिवस. सोमवारी उत्पादनाचं नियोजन, बुधवारी इन्व्हेंटरी म्हणजे मालाचा साठा, गुरुवारी परचेस म्हणजे खरेदी. वर्गातले सगळेच दिवसभर राबून आलेले असतात. माझ्या शेजारी बसणारे गृहस्थ साठीला टेकलेत, आयुष्यभर फोर्कलिफ्ट चालवली त्यांनी, आणि वहीत माझ्यापेक्षा नीटनेटक्या अक्षरात लिहितात. मग माझं वय ते काय! आणि रात्री मी एकटी येत नाही. एका हॉस्पिटलच्या स्टोअरमध्ये काम करणाऱ्या दोघी माझ्याच बसने येतात. त्यांच्यानंतर माझा एकच थांबा उरतो, आणि तिथून खोली दिसते. तेव्हा तो विषय कृपा करून सोड.

खरं कारण मात्र मी तुम्हाला कधी सांगितलं नव्हतं. मागच्या वर्षी चार दिवस मी दुपारीच घरी होते आणि तुम्हाला म्हणाले होते की अर्ध्या दिवसाची रजा घेतलीय. ती रजा नव्हती. आमच्याकडे एका मापाचे खोके संपले होते. माल होता, गिऱ्हाइकांच्या ऑर्डरी होत्या, आम्ही माणसं उभी होतो, आणि पॅकिंगची लाइन बंद. पुरवठादाराचा माल आधी दोन आठवड्यांत यायचा, तो पाच आठवड्यांवर गेला होता, पण मागवणारा जुन्याच आकड्यावर मागवत राहिला. आम्हाला घरी पाठवलं आणि त्या तासांचा पगार कापला. तुम्हाला काळजी नको म्हणून मी रजा म्हटलं.

ते खोके माझ्या डोक्यातून गेले नाहीत. इन्व्हेंटरीच्या दुसऱ्याच तासाला सरांनी फळ्यावर जे मांडलं ते इतकं साधं होतं की मला रडू यायचं बाकी राहिलं. रोज 40 गठ्ठे लागतात आणि माल यायला कामाचे 10 दिवस लागतात, तर 400 गठ्ठे उरले की ऑर्डर गेली पाहिजे, आणि वर थोडा राखीव साठा. तेच 10 चे 25 दिवस झाले, तर 1000 उरलेले असतानाच. एवढा एक गुणाकार कुणी पुन्हा केला असता, तर आमचे चार दिवस वाचले असते.

बाबा, तुम्हाला आवडेल असं एक सांगते. एका वेळी किती माल मागवावा याचं सूत्र फोर्ड हॅरिस नावाच्या माणसाने 1913 साली मांडलं. मागवण्याचा खर्च एका बाजूला, साठवण्याचा दुसऱ्या बाजूला, आणि दोन्हींची बेरीज सर्वांत कमी जिथे होते तो आकडा. गंमत पुढे आहे. त्या आकड्यापेक्षा दीडपट जरी मागवलं, तरी हा एकूण खर्च जेमतेम 8 टक्क्यांनी वाढतो. तुम्ही म्हणायचात ना, "नग थोडे मागेपुढे झाले तर चालतात, तारीख चुकलेली चालत नाही"? तुम्ही कुठलं सूत्र वाचलं होतं! मी वर्गात हात वर करून हे तुमचं वाक्य सांगितलं. सरांनी ते फळ्यावर लिहिलं आणि तास संपेपर्यंत पुसलं नाही.

आमच्या कामावरची एक पद्धत मात्र मला बरेच दिवस कळतच नव्हती. मोजणाऱ्याला इथे आकडाच सांगत नाहीत. म्हणजे असं, की कम्प्युटरमध्ये एखाद्या कप्प्यात 212 नग आहेत, पण मला जो कागद देतात त्यावर फक्त कप्प्याचा नंबर आणि वस्तूचं नाव. आकड्याची जागा कोरी. आधी मला अपमान वाटला. मला वाटलं, विश्वास नाही म्हणून लपवतात. एकदा तर मी सुपरवायझर बाईंना विचारलंही, की आकडा दिलात तर माझं काम निम्म्या वेळात होईल. त्या म्हणाल्या, म्हणूनच देत नाही. माणसाला 212 दिसले की डोळे 212 च शोधतात. 209 मोजले तरी तीन कुठेतरी मागे असतील असं धरून तो 212 लिहितो. आकडा माहीत नसला की जे आहे तेच लिहितो. कम्प्युटरमधल्या नोंदीशी जुळलं नाही तर दुसरा माणूस पुन्हा मोजतो, त्यालाही माझा आकडा सांगत नाहीत. आणि हे वर्षअखेरीला नाही, रोज चालतं. रोज थोडे कप्पे. महागाच्या, 'ए' वर्गातल्या वस्तू वारंवार, स्वस्त आणि किरकोळ 'सी' वर्गातल्या क्वचित. त्यामुळे कामकाज बंद ठेवून मोजदाद करावी लागत नाही. बाबा, तुम्ही वर्षअखेरीला तीन-तीन दिवस घरी यायचा नाहीत ते आठवलं. आल्यावर बोटांच्या टोकांना ग्रीसचा काळा रंग असायचा, दोन दिवस जायचा नाही.

परचेसच्या तासाला तर तुमची फार आठवण आली. बिल चुकतं करण्याआधी तीन कागद एकमेकांशी जुळले पाहिजेत, आपली ऑर्डर, प्रत्यक्ष माल उतरल्याची नोंद म्हणजे जीआरएन, आणि पुरवठादाराचं बिल. आणि मागवणारा, उतरवून घेणारा आणि पैसे देणारा ही तीन वेगळी माणसं हवीत. मी लहान असताना एका ट्रकमध्ये नग कमी होते आणि साहेब म्हणत असूनही तुम्ही जीआरएनवर सही केली नव्हती. त्यानंतर तुमची बदली झाली आणि घरात सगळे तुम्हालाच बोलले. मीही मनातून बोलले होते, कारण माझी शाळा बदलली. आता हे सगळं पुस्तकात धडा म्हणून शिकतेय. शाळेत बाबा काय करतात असं विचारलं की मी नुसतं "नोकरी" म्हणायचे, 'स्टोअरकीपर' म्हणायचे नाही. हे तुम्हाला माहीत नसेल. माहीत असावं असं वाटलं.

आणि एक खेळ सांगायचा राहिला. बिअर गेम म्हणतात त्याला. आई, नावावर जाऊ नकोस, टेबलावर नुसते कागद आणि सोंगट्या असतात. एमआयटीत 1960 च्या दशकात तयार झालेला खेळ आहे. दुकानदार, घाऊक व्यापारी, वितरक आणि कारखाना अशी चार माणसं एका रांगेत बसतात. गिऱ्हाइकाची मागणी फक्त दुकानदाराला दिसते. कुणीच बोलायचं नाही, बाकीच्यांना शेजाऱ्याकडून उलटी ठेवलेली चिठ्ठी येते, त्यावरचा आकडा पाहायचा आणि आपली चिठ्ठी पुढे सरकवायची. माल हातात पडायला काही आठवडे लागतात. मी कारखाना होते. सुरुवातीला चिठ्ठीवर 4 यायचे. मग 6, मग 11, मग 20. माझ्याकडे माल संपला, मी घाबरून दणादण उत्पादन काढलं. आणि तो माल तयार झाला तेव्हा चिठ्ठीवर शून्य. पुढे कितीतरी आठवडे शून्यच. माझ्यापुढे सोंगट्यांचा ढीग. शेवटी सरांनी गिऱ्हाइकाचे कागद उलटून दाखवले. मागणी फक्त एकदा, 4 वरून 8 वर गेली होती आणि तिथेच राहिली होती. कुणी खोटं बोललं नव्हतं. कुणी काही बोललंच नव्हतं, आणि प्रत्येकाने भीतीपोटी थोडं थोडं जास्त मागवलं होतं.

बसमध्ये मी तेच मनात घोळवत होते. मी एक दिवस फोन करत नाही, आई दहा करते, मग मी आणखी काही सांगायचं टाळते. तेव्हा आता जे आहे ते आहे तसं लिहिते.

छोटीच्या लग्नाच्या हॉलचे उरलेले पैसे मी देते म्हणाले होते. त्यातले निम्मेच या महिन्यात येतील. उरलेले या वर्गाच्या फीमध्ये गेले. तुम्हाला न विचारता भरले, कारण विचारलं असतं तर तुम्ही "भर" म्हणाला असता आणि मग तुम्ही कुठून जुळवलं असतंत हे मला माहीत आहे. पास झाले की फीतला अर्धा भाग आमची कंपनी परत देते, तो सरळ हॉलसाठी पाठवीन. हॉलवाल्यांना तेवढी मुदत मागा, बाबा. मिळाली नाही तर मला कळवा, लपवू नका.

लग्नाच्याच आठवड्यात माझी परीक्षा आहे. तारीख बदलून मागितली, एका पेपरची बदलली, दुसऱ्याची नाही. मी आदल्या दिवशी पोचेन आणि तिसऱ्या दिवशी निघेन. छोटीला अजून सांगितलेलं नाही. तिला मीच सांगेन, तुम्ही नका सांगू.

आई, तू ज्यांच्याशी माझ्यासाठी बोलतेयस त्यांना 'दोन वर्षांत ती परत येणार' असं सांगितल्याचं छोटीकडून कळलं. मला राग नाही आला. पण ते अजून माझं ठरलेलं नाही. हा कोर्स पुढच्या वर्षी संपेल, त्यानंतर परचेस विभागात जागा मिळते का ते बघायचंय. त्यांना एवढंच सांग. ऐकून नको म्हणाले तर म्हणू देत. मुलगा बोलायला तयार असेल तर रविवारी फोन करायला हरकत नाही, बाकीचे दिवस वर्ग आणि अभ्यास असतो.

छोटीला आशीर्वाद. तुम्हा दोघांना पुन्हा नमस्कार.

तुमची,
मनू

ता. क. बाबा, माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत कप्प्यांना लावायची तुमची जुनी बिन कार्डं असतील तर एकाचा फोटो पाठवा. आवक, जावक, शिल्लक आणि तुमची सही, चारही रकाने दिसतील असा. सरांनी पाहायला मागितलंय.