ताई, दोन्ही अर्ज भरले

ताई,
सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर रागवाल. पण पत्र उघडंच लिहितेय, कारण माझ्यासारखं दोन कागद पुढ्यात घेऊन बसलेलं कुणीतरी आत्ताही असेल.

माझ्या पुढ्यात एक अर्ज अपंगत्वाच्या भत्त्याचा होता, दुसरा पदवीच्या प्रवेशाचा. एकात लिहायचं मला काय काय जमत नाही, दुसऱ्यात मी किती लायक आहे. दोन्हींवर सही एकाच हाताची, म्हणजे एक तरी खोटा ठरणार, असं वाटायचं. त्यात हा आमवात भारी लहरी. सकाळी तास-दीड तास मूठ मिटत नाही आणि दुपारी कुणी पाहिलं तर म्हणेल, हिला झालंय तरी काय!

तुमच्याकडे आले ती भत्त्याचा नाद सोडलाय हे सांगायलाच. भत्ता घेणं म्हणजे हार मानणं, हे माझं तेव्हाचं तत्त्वज्ञान. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि एवढंच विचारलंत, "फी कोण भरणार? आणि औषधं?"

मग अपंग व्यक्तींच्या हक्कांचा संयुक्त राष्ट्रांचा २००६ चा करार काढलात. कलम २४ शिक्षणाचं, कलम २८ सामाजिक संरक्षणाचं. "यात 'किंवा' कुठे दिसतो का गं?" मला नाही दिसला. अर्थात कराराचा कागद दाखवून पैसे मिळत नाहीत, नियम जिथले तिथले, हेही तुम्हीच बजावलंत. म्हणून तीन प्रश्न लेखी विचारायला लावलेत: शिष्यवृत्ती उत्पन्नात धरतात का? प्रवेश घेतला तर फेरतपासणी होते का? आणि शिक्षण मध्येच सुटलं तर भत्त्यासाठी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची का? खिडकीवर तोंडी उत्तर मिळालं होतं, "शिकताय म्हणजे कामही करू शकता." लेखी उत्तरात तसं काहीच नव्हतं. आठवड्यातून काही तास वर्गात बसणं आणि रोज आठ तास कमावणं यांतला फरक कागदावर आला, की लोकांना कळतो.

पहिला अर्ज फेटाळला गेला, कारण तपासणी नेमकी माझ्या चांगल्या दुपारी झाली. तेव्हा तुम्ही दिलेली वही कामी आली. रोज दोन ओळी: किती वाजता उठले, बटणं कुणी लावली, पेन किती वेळ धरता आलं. चांगले दिवसही लिहायचे, ही तुमची अट. मला ती मूर्खपणाची वाटली होती. अपिलात त्याच पानांमुळे बाकीच्या पानांवर विश्वास बसला, असं मला वाटतं.

एका बाबतीत मात्र तुमचं ऐकलं नाही. भत्ता सुरू होईपर्यंत प्रवेश थांबव म्हणाला होतात. मी थांबले नाही, आणि पहिल्या सत्रात चांगलीच आपटले. पुढच्या सत्रापासून निम्मेच विषय घेतले, लेखनिक आणि जादा वेळ मागून घेतला. पदवीला दुप्पट वर्षं लागतील. तरी तेव्हा थांबले असते तर पुन्हा धीर झाला असता, असं नाही वाटत. यावर आपलं भांडण बाकी आहे.

भत्त्यात सगळं भागत नाही, पण औषधांसाठी कुणापुढे हात पसरावा लागत नाही. त्यामुळे अभ्यासाला बसल्यावर डोकं अभ्यासातच असतं. हे तुमच्यामुळे, ताई.

पुढच्या महिन्यात फेरतपासणी आहे. वही आताच पिशवीत टाकून ठेवलीय. तिसरी आहे ही.

तुमची,
दोन कागदवाली