बाबांच्या लोफर्सबद्दल, थोडं आईच्या पायांबद्दल

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
सा. न. वि. वि.

बाबा, वाकून नाड्या बांधायचा त्रास होतो म्हणून रोजच्या वापराला लोफर घ्यायचं ठरवलंत, ते बरं केलंत. फक्त "एक नंबर मोठाच घेतो, सैल बरा" हे तेवढं मनातून काढून टाका. नाडीचा बूट सैल निघाला तर आवळता येतो, लोफरला आवळायला काहीच नसतं. पाय धरून ठेवायचा तो वरच्या पट्टीने आणि टाचेच्या वाटीने. बूट निसटू नये म्हणून मग बोटं आत आखडून चालावं लागतं, पाऊल पुरतं उचललं जात नाही आणि संध्याकाळी पोटऱ्या भरून येतात. त्यात तुमची रोजची फेरी पेठेतून मंडईपर्यंत, उखडलेल्या पेव्हर ब्लॉकवरून. अडखळायला तेवढं पुरतं.

शिवाय एका नंबराने लांबी साधारण साडेआठ मिलिमीटर वाढते, रुंदी त्या मानाने फारच थोडी. तुम्हाला बूट चावतो तो करंगळीच्या बाजूला, म्हणजे रुंदीत. तेव्हा मोठा नंबर नको, त्याच नंबरात 'वाइड फिट' मागा.

लक्ष्मी रोडला जायचं ते संध्याकाळी पाचनंतर. दिवसभराने पाय थोडे सुजलेले असतात, सकाळी बरोबर बसलेला बूट संध्याकाळी आवळतो. रोजचेच सुती मोजे घालून जा. निघण्याआधी कोऱ्या कागदावर दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उभे राहा आणि आईला पेन्सिल सरळ उभी धरून दोन्ही पावलांच्या कडा काढायला सांगा. आकार कापून खिशात ठेवा. दुकानात तो बुटाच्या तळाला लावून बघा. कागद सोलच्या बाहेर आला तर तो बूट घालूनसुद्धा बघू नका. दोन पावलांत फरक असला तर मोठ्या पावलाचा नंबर धरायचा.

मग बूट हातात घ्या. टाचेमागची वाटी अंगठ्याने दाबा. ती सहज आत गेली तर चालताना टाच डगमगणार. पुढचं टोक आणि टाच धरून वाकवा. बूट बोटांच्या मुळाशी वाकला पाहिजे, मधोमध घडी पडली तर तळपायाच्या कमानीला आधार नाही. शेवटी ओला पंचा पिळतो तसा पिळून बघा. पंचासारखाच पिळला गेला तर तो घरात घालायच्या सपातेच्या लायकीचा. आत हात घालून शिवणी चाचपा, विशेषतः करंगळीपाशी. टाच दोन-तीन सेंटिमीटर, सोल खाचांचा रबरी. गुळगुळीत चामड्याचा सोल ओल्या फरशीवर घसरतो, दिसायला कितीही झोकदार असो.

घालून उभे राहिलात की सर्वांत लांब बोटापुढे सेंटिमीटरभर जागा हवी. दुकानातल्या गालिच्यावर सगळेच बूट मऊ लागतात, म्हणून फरशीवर चाला, वळा, जिना असला तर चढून-उतरून बघा. सोल नवा आणि ताठ असल्यामुळे टाच किंचित सुटली तर चालेल, चांगलीच सुटली तर नको. खरं चामडं वापराने रुंदीत जरा सैलावतं, लांबीत नाही. रेक्झिन जवळपास तसंच राहतं. त्यामुळे "वापरून सैल होईल" हे दुकानदाराचं म्हणणं बोटं टोकाला टेकत असतील तर ऐकू नका.

आधारासाठी वेगळी जाड गादी घालायची तर आतली गादी निघते का ते आधी बघा. तिच्यावरच दुसरी घातली की टाच वर येते आणि बूट पायातून सुटतो. बूट थोडासाच सैल असेल तर लोक टाचेमागे पॅड चिकटवतात, पण त्याने पाय पुढे ढकलला जाऊन बोटं दाबली जातात. पॅड वरच्या पट्टीखाली, आतून लावायचं, म्हणजे पाय मागे सरकून टाच वाटीत बसते.

माळ्यावर जपून ठेवलेला तो जुना नवाकोरा जोड मात्र काढू नका. पीयूचा (पॉलियुरेथेन या फोमसारख्या प्लास्टिकचा) सोल दमट हवेत वर्षानुवर्षं पडून राहिला की आतून कुजतो आणि घालून चालताच त्याचे तुकडे पडतात.

आई, तू बाबांबरोबर आपल्यालाही लोफर घेशील, म्हणून आधीच सांगते. तुझ्या बोटांना मुंग्या येतात. इतक्या वर्षांच्या शुगरमध्ये बूट चावलेला कळत नाही आणि जखम चिघळते. तुला वेलक्रोच्या पट्ट्यांचा, पुढून ऐसपैस बूट हवा, तोही डॉक्टरांना पाय दाखवून. घालण्याआधी रोज आत हात फिरवायचा, एखादा खडासुद्धा पुरतो.

बाबा, पहिले चार-पाच दिवस घरातच तासभर घाला, म्हणजे चावला तर न मळलेला बूट बदलून मिळेल. पावती आणि खोका तोवर ठेवा. पावसात भिजला तर आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून पंख्याखाली वाळवा, उन्हात किंवा गॅसजवळ नको, चामडं तडकतं. पर्वतीला जाताना मात्र नाडीचेच बूट. त्या 103 पायऱ्या उतरताना लोफरमध्ये पाय पुढे सरकतो.

टाच तुडवून पाय आत घालायची सवय मोडायलाच हवी, त्याने मागची वाटी महिनाभरात मोडते. लांब दांड्याचं शूहॉर्न (बुटात टाच सरकवायची पट्टी) कुरिअरने पाठवलं आहे, उभ्या उभ्या वापरता येतं. ते दारामागच्या खुंटीला अडकवा.

तुमची,
धाकटी