हॉलमधल्या शेकोटीबद्दल

तीर्थरूप आई-बाबांस,

शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, काल फोनवर तुम्ही म्हणालात, "हॉलमध्ये तुमच्यासारखी गॅसची फायरप्लेस बसवतोय, सुताराशी बोललोय." मी तेव्हा नुसतं "बरं" म्हटलं, पण रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. म्हणून सविस्तर लिहिते.

तुमची हौस चुकीची नाही. निफाडचा पारा घसरला, द्राक्षबागांमध्ये पहाटे शेकोट्या पेटल्या, की आपल्या गंगापूर रोडच्या घरातही फरशीवर पाय ठेववत नाही. आईचे गुडघे कसे धरतात ते मला ठाऊक आहे. कॅलगरीला आलात तेव्हा ती आमच्या फायरप्लेससमोरून उठायला तयार नव्हती. पण तुम्ही पाहिलीत ती काचेमागची ज्योत. भिंतीत काय आहे ते दाखवायचं माझ्याकडून राहून गेलं.

आमची आहे तिला 'डायरेक्ट व्हेंट' म्हणतात. काच पूर्ण सीलबंद असते. भिंतीतून एकात एक घातलेले दोन पाइप बाहेर गेलेत. बाहेरच्या पाइपातून ताजी हवा आत येते, आतल्यातून जळका वायू बाहेर जातो. खोलीतल्या हवेशी तिचा संबंधच येत नाही. दुकानात तुम्हाला 'व्हेंटलेस' दाखवतील. पाइप नाही, भिंत फोडायची नाही, स्वस्तात काम. प्राणवायू कमी झाला की गॅस बंद करणारा सेन्सर आहे, असंही सांगतील. सेन्सर असतो, हे खरं. पण तो प्राणवायू मोजतो, गॅस अर्धवट जळला की निघणारा विषारी कार्बन मोनॉक्साइड नाही. ती व्हेंटलेस घरात आणायची नाही, बाबा. एवढं एक माझं ऐका.

कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. डोकं जड होतं, मळमळतं. आईला वाटेल पित्त झालं, आणि ती पडून राहील. मला भीती याचीच वाटते.

पंचवटीच्या वाड्यात आजी शेगडी आधी अंगणात पेटवायची, आठवतं? निखाऱ्यांवरची निळी ज्योत विझून ते लालभडक झाले की मगच पडवीत आणायची, आणि निजायच्या आधी पुन्हा बाहेर. ती निळी ज्योत म्हणजे जळणारा कार्बन मोनॉक्साइडच. तिला नाव माहीत नव्हतं, पण दार लावून शेगडीशेजारी तिने कुणाला झोपू दिलं नाही.

आणखी एक. आमच्याकडे पाइपातून नैसर्गिक वायू येतो, आपल्याकडे सिलिंडर. दोन्हींचे जेट, म्हणजे गॅस सोडणारी बारीक छिद्रं, वेगळे. नैसर्गिक वायूचं यंत्र तसंच सिलिंडरला जोडलं तर ज्योत भडकते आणि काजळी धरते. शिवाय सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, गळला तर फरशीलगत साचतो. म्हणून हे सुताराचं काम नाही. त्याने लाकडी चौकट करावी, तीही यंत्राच्या पुस्तकात दिलेलं अंतर सोडून.

देखभाल दरवर्षी, थंडीच्या आधी. दुसऱ्या वर्षी आमचा पायलट, म्हणजे सतत तेवणारी छोटी ज्योत, सारखा विझायचा. मला वाटलं थर्मोकपल, म्हणजे ज्योत पेटलेली आहे का ते ओळखणारा भाग, गेलं. मेकॅनिकने नळी उघडली तर आत कोळ्याचं जाळं! उन्हाळाभर बंद असलेल्या बारीक नळ्यांत कोळी घर करतात. काचेवर पांढरट थर येतो, तोही पुसावा लागतो, पण काच पूर्ण थंड झाल्यावरच. पेटलेली असताना ती हात भाजेल इतकी तापते.

पण फायरप्लेसच्या आधी मला बाथरूममधला गॅस गीझर बाहेर हलवून हवाय. खिडकी बंद, दार बंद, आत गरम पाण्याची वाफ, आणि आई अर्धा तास आंघोळीला. तो या आठवड्यातच बाहेरच्या भिंतीवर घ्या. गॅसचा वास आला तर कुठलंही बटण दाबू नका, रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडून बाहेर या आणि १९०६ ला फोन लावा.

डिसेंबरमध्ये मी येतेच आहे, तेव्हा आपण दोघं बसून यंत्र बघू. तोवर हॉलमध्ये विजेवरचा ऑइल हीटर लावा. त्यात काहीच जळत नाही. फक्त तो विजेच्या गीझरला लागतं तसल्या जाड पिनच्या सॉकेटलाच लावा, एक्स्टेंशनवर नको.

कार्बन मोनॉक्साइडचे दोन अलार्म कुरियरने पाठवलेत. एक तुमच्या बेडरूमच्या दाराबाहेर लावा. आई, बाबांनी लावला की तू स्वतः बटण दाबून आवाज येतो का बघ, आणि मला फोनवरून ऐकव.

तुमची,
धाकटी